खुनी कोण व्हता?

(वस्तीतल्या वाचनालयात भरलेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललं गेलं तसंच, थोडं सावरून छापत आहोत.)



मला विषय दिला होता 'वाचनसंस्कृती'. हा शब्द ऐकला की माझ्या अंगाला खाज सुटते. ज्या वस्तूला संस्कृतीचं शेपूट लागतं, त्या वस्तूचा मालक आधीच कोणीतरी ठरलेला असतो. म्हणून संयोजकांची माफी मागून मी विषय बदललाय. मी लोकलच्या डब्याबद्दल बोलणार आहे. डब्यात कोण काय वाचतो आणि वाचणाऱ्याकडे कोण कसा बघतो, एवढंच. विषय बारका वाटेल. पण आपल्याला आजवर जेवढ्या जखमा झाल्यात, त्यातल्या निम्म्या अशाच बारक्या सुईने झाल्यात.

मी कल्याण पूर्वेचा. कोळसेवाडीचा. माझा बाप परळच्या गिरणीत रिंग खात्यात होता. बापाला आम्ही दादा म्हणायचो. रिंग खात्यातच का, हे तुमच्यातल्या पोरांना माहीत असायला पाहिजे. वीणकामाचं खातं, म्हणजे साचे खातं, तिथं पगार जास्त. पण तिथं आपल्या माणसाला पूर्वीपासून शिरकाव नव्हता. कारण काय, तर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणजे महाराची थुंकी सवर्णाच्या तोंडात. गिरणी विलायती, मशीन विलायती, वाफ विलायती. जात मात्र अस्सल देशी. लाल बावट्याखाली घोषणा एकत्र, संप एकत्र, उपास एकत्र. धोटा तेवढा वेगळा. बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकली होती. तर हे तोंडाचं प्रकरण लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दादा वाचायला शिकला तो रात्रशाळेत, मोठेपणी. मिशा फुटल्यावर त्याने 'ग म भ न' गिरवलं. 1961च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींमधली शेकडा दहा माणसं साक्षर होती. दहा! नव्वद माणसांना पाटी म्हणजे नुसतं रंगवलेलं लाकूड. दादा त्या दहातला एक होता आणि त्याची त्याला मस्ती होती. तो सगळं वाचायचा. भजी बांधून आलेला कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, भिंतीवरची भित्तिपत्रकं. पण त्याचा जीव कशात होता? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत. झुंजार, काळा पहाड. रद्दीच्या दुकानातून काही पैशांत एक पुस्तक आणायचं, वाचून परत द्यायचं, दुसरं आणायचं. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली म्हणतात. दादाने त्यातली निम्मी तरी फस्त केली असतील.

आणि वाचायचा कुठे? घरात नाही. घर दहा बाय दहाचं, त्यात आम्ही सात डोकी आणि एक बल्ब. तो वाचायचा गाडीत. पहिल्या पाळीला पहाटेची स्लो पकडायची, कल्याण ते करी रोड सव्वा तास. आणि तो मनात वाचायचा नाही. मोठ्याने वाचायचा. कारण त्याच्याभोवती खात्यातले सात-आठ जण बसलेले असायचे. कोणी बाकड्यावर, कोणी डबा मांडीवर घेऊन खाली. त्यातल्या एकालाही वाचता येत नव्हतं. गाडी सुटली की म्हातारे तात्या म्हणायचे, "हं, काल कुठं थांबलो व्हतो?" की दादा सुरू. मुंब्र्याला प्रेत सापडायचं, ठाण्याला संशय यायचा, भांडुपला पाठलाग, कुर्ल्याला पिस्तूल. करी रोडला पुस्तक बंद. बाकीचं उद्या.

आता मी येतो माझ्यावर.

1979 साली मी कॉलेजात गेलो. घरातला पहिला. सकाळचं कॉलेज, म्हणून दादाच्याच गाडीने निघायचो. मला कविता लागली होती. कविता लागली की माणसाला आरसा लागतो. मी रद्दीवाल्याकडून 'सत्यकथा'चे जुने अंक आणायला लागलो. खरं सांगतो, त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. पण अंक हातात धरायची एक पद्धत मी शिकलो होतो. कव्हर बाहेर. नाव समोरच्याला वाचता येईल असं.

डोंबिवलीला एक ग्रुप चढायचा. हातात ऑफिसची बॅग, परीटघडीचे कपडे. त्यांचं वाचन ठरलेलं. सकाळचं वर्तमानपत्र चार घड्या घालून, एखादं साप्ताहिक, दिवाळीनंतर जाडजूड दिवाळी अंक. 'मौज' वर आणि 'आवाज' खाली. 'आवाज'मधली ती खिडकीची चित्रं उघडायला हे लोक आजूबाजूचे पेंगायची वाट बघायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पलीकडच्या डब्यात भजनी मंडळ. टाळ, मृदंग, माळा, आरती, प्रसाद. तो आवाज कोणाला खुपायचा नाही. दादाचा खुपायचा.

एके दिवशी त्या ग्रुपमधला एक गृहस्थ दादाच्या हातातल्या पुस्तकाकडे बघून शेजाऱ्याला म्हणाला, "बघा, काय वाचतात हे लोक!" आणि मग त्याची नजर माझ्या हातातल्या 'सत्यकथे'वर आली. तो माझ्याकडे बघून हसला. आपण दोघे एका जातीचे, असं ते हसणं होतं.

आणि मित्रांनो, मीही हसलो.

मी दादाचा मुलगा आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. त्या रात्री घरी मी दादाला म्हणालो, "गाडीत ते असलं नका वाचत जाऊ. लोक हसतात." दादाने विचारलं, "कोण लोक?" मी म्हणालो, "शिकलेले." दादा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडीत पुस्तक काढलं नाही. तो खिडकीबाहेर बघायचा. तात्या आणि बाकीचे पेंगायचे. मला हलकं वाटलं. मी विजयी मुद्रेने माझं न कळणारं मासिक वाचत बसलो.

आता पुढचं ऐका. वर्षभराने मी आपल्या पोरांच्या बैठकांना जायला लागलो. तिथे मला चार पानी, हातकागदासारख्या खरबरीत कागदावर छापलेला एक अनियतकालिक अंक मिळाला. वर बाबासाहेबांचं रेखाचित्र. तो मी गाडीत उघडला. समोर तोच गृहस्थ. वर्षभराची ओळख, गालातल्या गालात हसायची. त्याने कव्हर बघितलं. मग मला बघितलं. मग अगदी गोड आवाजात विचारलं, "आडनाव काय म्हणालात आपलं?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. तरी 'म्हणालात'!

मी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, अच्छा." आणि गुडघे आवळून घेतले. त्यानंतर तो माझ्याकडे बघून कधी हसला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डब्यात हातातलं मासिक कोणी अभिरुची म्हणून वाचत नाही. ते आडनावासारखं वाचलं जातं. तुम्ही कुठले, कोणाचे, कोणत्या गल्लीतले, हे विचारायची लाज वाटते म्हणून हे लोक कव्हर वाचतात. आणि आपल्यासाठी त्यात दोन फास आहेत. स्वस्त पुस्तक वाचलं तर 'काय वाचतात हे लोक'. आपलं वाचलं तर 'आडनाव काय'. आणि त्यांचं वाचलं, तर ते आपलं नाही हे कळेपर्यंतचीच मुदत.

हे नवीन नाही. 1901 साली बाबासाहेब आणि घरातली मुलं गोरेगावला वडिलांकडे निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरली. मुलांच्या अंगावर चांगले नवे कपडे होते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. त्याला वाटलं बामणांची मुलं. मुलांनी जात सांगितली आणि मास्तरचा चेहराच पालटला. मग गाडीवान मिळेना, पाणी मिळेना. कपडे होते तेच होते, मुलं होती तीच होती. माझी 'सत्यकथा' म्हणजे ते नवे कपडे. मसूरपर्यंत चालतात.

रेल्वे आली तेव्हा आपल्यातल्या कित्येकांना वाटलं होतं, आता जात मोडेल. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. एकच इंजिन सगळ्यांना ओढणार, शेजारी कोण बसलाय हे विचारायची सोय नाही. झालं काय? जातीने तिकीट काढलं आणि आत येऊन बसली. देशातल्या गाड्यांचा तिसरा वर्ग 1974 साली मोडीत काढला. पाटी पुसली. पण डोक्यातला तिसरा वर्ग कोणत्या सालात मोडणार? तो हातातल्या कव्हरवरून अजून ठरवला जातो.

आणि ज्यांना 'स्टेशनवरचं वाचन' म्हणून नाक मुरडायचं असेल, त्यांना एक हिशेब सांगतो. 1888 साली अलाहाबादच्या व्हीलर कंपनीने रेल्वेच्या स्टॉलवर विकायला एक रुपयावाली पुस्तकं काढली. इंडियन रेल्वे लायब्ररी. लेखक कोण, तर बाविशीतला रुडयार्ड किपलिंग. गाडीत वेळ घालवायला साहेबलोकांनी घ्यायची पुस्तकं. त्याच किपलिंगला 1907 साली नोबेल मिळालं. तो साम्राज्याचा भाट होता, त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही. पण बघा, साहेबाने गाडीत एक रुपयाचं पुस्तक वाचलं की ते साहित्य, आणि गिरणीकामगाराने गाडीत चार आण्यांचं वाचलं की तो कचरा. तेव्हाचा एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची मजुरी. म्हणजे फरक कशाचा? मजकुराचा की खिशाचा? खिशाचा की कातड्याचा?

अण्णाभाऊ साठे मुंबईला आले ते चालत. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम दीड दिवस बघितलं. अक्षरं त्यांनी ओळखली ती दुकानांच्या पाट्यांवरून. पाट्यांवरून! त्या पाट्या वाचणाऱ्या पोराला कोणी म्हणालं असतं, 'काय वाचतो हा, पाट्या!' आणि तो लाजून खाली बघायला लागला असता, तर 1959 साली 'फकिरा' आली असती का? आणि अण्णाभाऊंनी ती कादंबरी अर्पण केली बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. पाटीपासून लेखणीपर्यंतचा हा जिना आहे. त्याची खालची पायरी तोडून वरच्या पायरीवर व्याख्यान देणारे फार झाले.

वाचणाऱ्याचं तोंड बंद करायच्या युक्त्या वरून खालपर्यंत सारख्याच असतात. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघालं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून निघालं. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी' तयार झाला नाही. पैसे चालत नव्हते असं नाही. नाव चालत नव्हतं. आणि अशी पत्रं वस्तीत पोचली की वाचायची कशी? जो शिकलेला तो कंदिलाशी बसायचा आणि वाचायचा, बाकीचे ऐकायचे. एक अंक, एक तोंड आणि पन्नास कान. मोठ्याने वाचणं हा आपला गावंढळपणा नाही. ज्यांची अक्षरं हजारो वर्षं चोरली गेली, त्या माणसांनी शोधलेली ती वाट आहे. आणि मी, कॉलेजात गेलेला शहाणा, त्याच वाटेवर काटे टाकून आलो होतो.

आता तुमच्यातला एखादा उठेल आणि म्हणेल, म्हणजे काय, रहस्यकथा, भविष्यं, सिनेनट्यांचे फोटो, सासू-सुनांच्या गोष्टी, हे सगळं चांगलंच म्हणायचं का? अजिबात नाही. त्यात विष असतं. बाईला बाहुली करणारं असतं, राशी-कुंडलीत माणूस बांधून ठेवणारं असतं, आणि गुन्हेगार नेमका काळा, दाढी वाढलेला आणि झोपडपट्टीतला असतो. त्याच्याशी भांडलंच पाहिजे. पण पुस्तकाशी भांडा. वाचणाऱ्याची लाज काढू नका. दोन्हींत फार फरक आहे. दादाला मी विचारू शकलो असतो, "दादा, या गोष्टीत गिरणीमालक कधीच चोर का नसतो?" तो हसला असता, विचारात पडला असता, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत तो प्रश्न त्याने आठ जणांना विचारला असता. तो आमचा खरा अभ्यासवर्ग झाला असता. मी काय म्हणालो? "लोक हसतात."

माझी बायको लेडीज डब्याचं सांगते. तिथे भाजी निवडत निवडत बाया मासिक वाचतात. घरी बसून वाचलं तर सासू म्हणते कामं पडली, ऑफिसात वाचलं तर साहेब ओरडतो. अख्ख्या दिवसात तिचा स्वतःचा असा तेवढाच तास. आणि त्या तासात तिने पाककृतीचं पान उघडलं की पलीकडची इंग्रजी कादंबरीवाली ओठ मुडपते. अगं बाई, तिच्या चोवीस तासांतला तो एक तास आहे. तू तिला दुसरं काही वाचायला दे की! नाहीतर गप बस.

आणि हे सगळं बामणांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. आपल्यात दलित ब्राह्मण तयार झालेत, त्यात मी पहिला. आज आपली काही पोरं जाडजूड इंग्रजी ग्रंथांबरोबर फोटो काढून टाकतात आणि आपल्याच वस्तीतल्या पोरीला म्हणतात, तू काय फालतू लव्हस्टोऱ्या वाचतेस. तिला बिचारीला वाटतं, चळवळ म्हणजे आणखी एक सासू. ती परत बैठकीला येत नाही. तुमच्या हसण्याने एक माणूस कमी झाला. त्याची नोंद कुठल्या वहीत केलीत?

आता डब्यात मासिकं फारशी दिसत नाहीत. 'सत्यकथा' 1982 साली बंद पडली. सगळ्यांच्या हातात मोबाईल. तुम्ही म्हणाल, मग हा प्रश्न संपला. फोनला कव्हर असतं, पण त्यावर नाव नसतं. कोण काय वाचतो ते दिसत नाही. खरंय, पण जात हुशार आहे. ती डोळ्यांनी सापडली नाही तर कानांनी शोधते. 2015 साली शिर्डीत आपल्या एका तरुण पोराचा मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. त्यावरून त्याला मारहाण करून ठार केलं. एका रिंगटोनवरून. तेव्हा कव्हर वाचणाऱ्या त्या गोड गृहस्थाला आणि त्या मारेकऱ्यांना मी एकाच मापाने मोजत नाही. गुडघे आवळणं आणि जीव घेणं सारखं नाही. पण प्रश्न दोघांचा एकच असतो: 'आडनाव काय?'

आता शेवटचं सांगतो. हे मी आजवर कुठल्याच व्यासपीठावर बोललो नाही.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. दादा त्यातला एक. तो परत कधी गिरणीत गेला नाही, ती गाडीही त्याने परत पकडली नाही. त्याने हातगाडी लावली, पहारेकऱ्याचं काम केलं. काही वर्षांनी तो गेला. जलदानाच्या दिवशी तात्या आले होते. पार वाकलेले. जेवणं झाली, माणसं पांगली. तात्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "पोरा, तू शिकलेला. एक सांगशील का? तुझ्या बापानं गाडीत वाचायचं सोडलं ना, तवा आमची एक गोष्ट अर्धीच ऱ्हायली. बंगल्यात म्हातारीचा खून झाल्याला. माळ्यावर संशय व्हता, पुतण्यावरबी व्हता. तुझा बाप म्हनला, उद्या समजंल. तो उद्या आलाच न्हाई. आमी लई इचारलं त्याला, तर म्हनायचा, नगं, पोराला बरं वाटत न्हाई. खुनी कोण व्हता रं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी ते पुस्तक शोधायचं ठरवलं. पण कसं शोधणार? मला त्याचं नाव माहीत नव्हतं. ते कव्हर मी शंभर वेळा बघितलं होतं, त्याची लाज धरली होती, त्यावरून बापाला बोललो होतो. नाव वाचलं नव्हतं. त्या डोंबिवलीच्या गृहस्थाने तरी कुठे वाचलं होतं?

ज्या तोंडाला धाग्याला लागू दिलं नाही, त्या तोंडाने दादा आठ माणसांना गोष्ट सांगत होता. गिरणीने ते तोंड धोट्यापासून लांब ठेवलं. पण ते पुरतं बंद कोणी केलं? मालकाने नाही, मुकादमाने नाही. तात्या, खुनी कोण होता ते मला सांगता आलं नाही, पण तुमच्या गोष्टीचा खून कोणी केला ते मला पक्कं माहीत आहे.

रडगाणं गाऊन मी खाली बसणार नाही. कामाचं बोलतो. एक, गाडीत, बसमध्ये, रिक्षाच्या रांगेत, कोण काय वाचतो यावर आजपासून आपल्यातलं कोणी हसायचं नाही. विचारायचं, 'गोष्ट कुठवर आली?' दोन, आपला अंक उघडा धरून वाचायचा, दुसऱ्या कव्हरात लपवून नाही. एकटं असाल तर जिवाला जपा, पण चौघं असाल तर उघडा धरा. वाचून झाला की बाकड्यावर ठेवून उतरा. कोणी फेकेल, कोणी भेळ बांधेल, एखादा वाचेल. तीन, दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता या वाचनालयात मोठ्याने वाचन. काय वाचायचं ते ऐकणारे ठरवतील, आपण नाही. म्हाताऱ्यांना रहस्यकथा हवी असेल तर रहस्यकथा. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू. गिरणीमालक कधीच चोर का नसतो, हा पहिला.

घरात, माळ्यावर, ट्रंकेत जुनी पुस्तकं असतील ती घेऊन या. कव्हर नसलं तरी चालेल. मधली पानं गेली असली तरी सांभाळून घेऊ. शेवटची पानं तेवढी शाबूत असू द्या.

जय भीम.